पानपट्टी, वाइन शॉप, मेडिकल: बोर्डावर काय छापता येतं आणि काय नाही (सातारा-सांगली)

फ्लेक्सवाला_सातारा (धागाकर्ता)

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात फ्लेक्स, सनबोर्ड आणि ग्लो साइनची कामं करणाऱ्यांसाठी हा धागा. गिऱ्हाइकं तीन प्रकारची: पानपट्टी, दारूचं दुकान किंवा परमिट रूम, आणि मेडिकल. तिघंही एकच वाक्य बोलतात, "ब्रँड मोठा टाका, पैसे कंपनी देतीय." मला तीन गोष्टी हव्यात. तिघांना नियम एकच आहे की वेगवेगळा? नेमकी मापं काय? आणि छापणाऱ्याच्या अंगावर काय येतं? 'सगळेच लावतात, कोण विचारतंय' हे सगळ्यांना माहीत आहे, ते कृपया नको. कलमासकट बोला.

माहुली_संगम

नियम वेगवेगळे, आणि नुसते मापात नाही, मुळातच वेगळे.

तंबाखूला केंद्राचा स्वतंत्र कायदा आहे, २००३ चा, आपण ज्याला कोटपा म्हणतो तो. त्याच्या कलम ५ प्रमाणे जाहिरात सगळीकडे बंद. अपवाद दोनच: पाकिटावर, आणि जिथे माल विकला जातो त्या दुकानाच्या किंवा गोदामाच्या दारावर अथवा आत. दारूला असा देशव्यापी कायदा नाही. दारू राज्यांच्या अखत्यारीत येते, म्हणून आपल्याकडे १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, त्यातलं कलम २४. टीव्हीपुरते केंद्राचे केबल नियम वेगळे. औषधांचं तिसरंच. तिथे १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा रोगांची नावं धरून चालतो, आणि चिठ्ठीवरच्या औषधांना औषध नियम लागतात.

म्हणजे पानपट्टीचा बोर्ड बघताना 'जागा कुठली' हे आधी विचारायचं. दारूच्या बोर्डाला 'आमंत्रण आहे का', आणि औषधाच्या बोर्डाला 'दावा काय केलाय'. एवढं डोक्यात ठेवलं की निम्मी डिझाइनं टेबलावरच अडतात.

पानपट्टीची मापं सविस्तर देतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

दुकानाच्या दारावरचा बोर्ड जास्तीत जास्त ६० सेंमी × ४५ सेंमी. असे बोर्ड दोनच. प्रत्येकावर २० × १५ सेंमी जागेत पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत, भारतीय भाषेत इशारा: 'तंबाखूमुळे कर्करोग होतो' किंवा 'तंबाखू जीवघेणी आहे' या अर्थाचा. उरलेल्या जागेत फक्त मालाचा प्रकार लिहायचा: सिगारेट, बिडी, तंबाखू. ब्रँडचं नाव नाही, पाकिटाचा फोटो नाही, घोषवाक्य नाही. मागून दिवा नाही, वरून फोकस नाही. थोडक्यात, पानपट्टीसाठी तंबाखूचा ग्लो साइन ही वस्तूच कायद्यात बसत नाही.

मूळ २००४ च्या नियमात बोर्ड ९० × ६० चा होता आणि ब्रँडला वाव होता. २००५ च्या दुरुस्तीने माप उतरवलं आणि ब्रँड काढला. त्या दुरुस्तीला मुंबई उच्च न्यायालयाची अंतरिम स्थगिती होती, ती सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये उठवली. बाजारात अजून फिरणाऱ्या जुन्या फाइली त्या मधल्या वर्षांतल्या आहेत. कंपनीच्या माणसाने पेनड्राइव्हवर दिली म्हणून फाइल बरोबर असेलच असं नाही.

वखारभाग

मापात एक खुबी आहे, ती फ्लेक्सवाल्यांनी वहीत लिहून ठेवावी. आपण फुटात छापतो. 'दोन बाय दीड' म्हटलं की निघतं ६०.९६ × ४५.७२ सेंमी. म्हणजे मर्यादेच्या बाहेर! पाऊण-एक सेंटिमीटरवरून कोणी फाशी देत नाही, पण पंचनाम्यात टेप लागला तर आकडा जास्तच येणार. म्हणून फाइल सेंटिमीटरमध्येच लावा आणि ५९ × ४४ ला कापा. सनबोर्डला ॲल्युमिनियमची फ्रेम लावणार असाल तर फ्रेमही बोर्डातच धरली जाईल असं समजून आणखी दोन सेंमी आत या.

याच्या उलट, अठरा वर्षांखालच्यांना विक्री नाही असं सांगणारा जो बोर्ड आहे (कलम ६), त्याला *किमान* ६० × ३० सेंमी लागतं. तिथे 'दोन बाय एक' बिनधास्त चालतो, कारण ६०.९६ × ३०.४८. जाहिरातीच्या बोर्डाला कमाल माप आणि इशाऱ्याच्या बोर्डाला किमान माप, दोन्ही एका फ्लेक्सवर बसवायला गेलात की गडबड ठरलेली. दोन वेगळे बोर्ड करा.

इशाऱ्याची २० × १५ ची चौकट इंचात ८ × ६ धरा, २०.३२ × १५.२४ येते. इथे थोडं जास्त झालेलं चालतं, कमी नको. आणि अक्षर जाड घ्या. बारीक अक्षर स्टार फ्लेक्सवर सहा फुटांवरून पुसट दिसतं. इशारा ठळक आणि वाचता येण्याजोगा हवा ही अटच आहे, सल्ला नाही.

शेरीनाला

छान. मग दुकान आख्खं लाल नाहीतर निळं रंगवून, वर त्याच रंगाची छत्री आणि त्याच रंगाचा काउंटर ठेवला, नाव कुठेच नाही, तर काय म्हणाल? विश्रामबागपासून मिरजेपर्यंत निम्म्या टपऱ्या अशाच आहेत.

माहुली_संगम

२००५ च्या त्याच नियमांत अप्रत्यक्ष जाहिरातीची व्याख्या आहे. तंबाखूच्या ब्रँडचं नाव दुसऱ्या मालावर, सेवेवर किंवा कार्यक्रमावर वापरणं. दुसऱ्या मालाचं प्रसिद्ध नाव तंबाखूला देणं. विशिष्ट तंबाखू उत्पादनाशी जोडलेले *रंग आणि मांडणी* वापरणं. आणि भलत्याच वस्तूच्या जाहिरातीत धूम्रपानाचं दृश्य घालणं. रंग तिथे शब्दशः लिहिलेला आहे. त्यामुळे 'नाव कुठे घातलंय?' हा बचाव फार लांब जात नाही. नुसता लाल रंग म्हणजे गुन्हा नव्हे, पण पाकिटावरचा तोच लाल, तोच पांढरा पट्टा, तोच कोन असं जुळलं की झालं.

कलम ३ मधली 'जाहिरात' या शब्दाची व्याख्याही एकदा वाचाच. सूचना, परिपत्रक, लेबल, वेष्टन, तोंडी घोषणा, प्रकाश, ध्वनी, *धूर किंवा वायू* यांच्याद्वारे केलेली घोषणा, सगळं त्यात येतं. धुराने जाहिरात कशी करतात ते विचारू नका.

फ्लेक्सवाला_सातारा

छापणाऱ्याचं राहिलं.

माहुली_संगम

येतोच. तिन्ही कायद्यांत छापणारा आहे, फक्त शब्द वेगळे.

कोटपा कलम ५(१) तीन प्रकारच्या लोकांना पकडतं: माल बनवणारे-विकणारे, ज्यांच्या ताब्यात माध्यम आहे ते, आणि जाहिरातीत 'भाग घेणारी' कोणतीही व्यक्ती. ५(२) मध्ये पैशाच्या लाभासाठी जाहिरात लावणारा, लावू देणारा, पत्रकं वाटणारा, आणि भिंतीवर, होर्डिंगवर, खांबावर, वाहनावर ती उभारणारा किंवा *तशीच ठेवणारा*. होर्डिंगचा मालक 'मी फक्त जागा दिली' म्हणून सुटत नाही. शिक्षा कलम २२ मध्ये: पहिल्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. कैद भारी आणि दंड हास्यास्पद, पण कायद्यात आहे ते असं आहे. गुन्हा जामीनपात्र. कलम २३ खाली जाहिरातीचं साहित्य सरकारजमा होऊ शकतं, म्हणजे ग्लो साइनची पेटीसुद्धा.

दारूबंदी कायद्याच्या कलम २४ ची सुरुवातच 'छापणे किंवा प्रसिद्ध करणे' इथून होते. तिथे प्रिंटर पहिल्या ओळीत आहे.

औषधांच्या १९५४ च्या कायद्यात तर व्याख्याच दिलीय: जाहिरातीच्या प्रसिद्धीत भाग घेणे यात 'जाहिरात छापणे' येतं, कलम २(घ). आणि तो गुन्हा दखलपात्र आहे. तेव्हा तिघांत सगळ्यात कमी लक्ष जातं त्या मेडिकलच्या फ्लेक्सलाच प्रिंटर सगळ्यात स्पष्टपणे अडकतो.

औषधवाला_मिरज

हे शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं. मिरजेत दवाखाने आणि औषध दुकानं इतकी आहेत की फ्लेक्सवाल्याकडे रोज एखादं तरी काम येतंच.

१९५४ च्या कायद्याला परिशिष्ट जोडलंय, त्यात ५४ रोग आणि अवस्था आहेत. त्यांच्या निदानाचा, उपचाराचा, बरं करण्याचा किंवा टाळण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात चालत नाही. फ्लेक्सवर नेहमी दिसणारे त्यातले सांगतो: मधुमेह, रक्तदाब जास्त किंवा कमी, लठ्ठपणा, उंची वाढवणे, मुतखडा, मोतीबिंदू, काचबिंदू, कोड, बहिरेपणा, पक्षाघात, संधिवात, कर्करोग, हृदयविकार, स्त्रियांमधील वंध्यत्व, लैंगिक दुर्बलता. 'शुगर कायमची घालवा' आणि 'मुतखडा सात दिवसांत, ऑपरेशनशिवाय', दोन्ही यात बसतात. औषध खरंच गुणकारी आहे का हा प्रश्नच येत नाही. रोगाचं नाव आणि औषधाचा दावा एकत्र आले की पुरे. आयुर्वेदिकला सूट आहे असा एक गैरसमज आहे. या कायद्यात पॅथी बघत नाहीत. ताईत, मंत्र, कवच यांच्यासाठी कलम ५ आहे, तेही याच कायद्यात.

काय चालतं? नोंदणीकृत डॉक्टरने आपल्या जागेवर लावलेली पाटी कलम १४ मध्ये वगळलीय, तिथे अमुक रोगावर उपचार होतात असं लिहिता येतं. तोच मजकूर कॉलेज कॉर्नरच्या होर्डिंगवर गेला की ती जागेवरची पाटी राहत नाही. शिवाय डॉक्टरने जाहिरातबाजी करू नये ही त्यांच्या परिषदेची आचारसंहिता निराळीच.

आता चिठ्ठीवरची औषधं. शेड्यूल एच, एच१ आणि एक्स मधल्या औषधांची जाहिरात केंद्र सरकारच्या आधीच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. ओळखायची खूण पट्टीवरच असते: डाव्या बाजूला वर आरएक्स, एच१ असेल तर लाल चौकटीत इशारा, ही चौकट मार्च २०१४ पासून आली. गिऱ्हाईक एखाद्या गोळीचा फोटो घेऊन आलं की पट्टीची मागची बाजू मागा. आरएक्स दिसला की काम परत. बाम, आम्लपित्ताचं चूर्ण, खोकल्याची चघळायची गोळी यांच्या जाहिराती चालतात, वर दिलेला कुठलाही रोग न घालता.

आणि ते 'सर्व औषधांवर २० टक्के सूट'. दिसायला निरुपद्रवी, पण २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्ण ओढण्यासाठी जाहिरातबाजी करणं हे फार्मासिस्टसाठी अनैतिक वर्तन धरलंय. इथे कारवाई फार्मासिस्टच्या नोंदणीवर येते, प्रिंटरवर नाही. तरी गिऱ्हाइकाला सांगून ठेवलेलं बरं.

कासपठार

मला या तुलनेतच एक खटकतं. औषध कंपनी चिठ्ठीवरच्या औषधाची जनतेला जाहिरात करू शकत नाही, पण डॉक्टरला करू शकते. तिथे सगळं मोकळं रान. अमेरिकेत आणि न्यूझीलंडमध्ये चिठ्ठीवरच्या औषधांची टीव्हीवर जाहिरात चालते, पण अमेरिकेत सिगारेटची टीव्ही-रेडिओवरची जाहिरात २ जानेवारी १९७१ पासून बंद आहे. म्हणजे तिथेही तंबाखूच सगळ्यात वाईट ठरवलंय. आपण दारूला मात्र मोकळं सोडलंय.

औषधवाला_मिरज

मोकळं रान नाही. औषध कंपन्यांसाठीची मार्च २०२४ ची विपणन संहिता बघा. डॉक्टरला भेटवस्तू नाही, प्रवास-हॉटेल नाही. पेन-डायरीसारखी आठवण-वस्तू एक हजार रुपयांच्या आतली. नमुने तीनच रुग्णांपुरते, आणि एका डॉक्टरला एका औषधाचे वर्षाला बारा पाकिटांपर्यंत. सगळ्या नमुन्यांची किंमत कंपनीच्या देशांतर्गत विक्रीच्या दोन टक्क्यांच्या वर जाता कामा नये. कंपन्या पाळतात किती हा भाग निराळा. तक्रार कंपन्यांच्याच संघटनेच्या समितीपुढे जाते, तिथेच दात बोथट होतात. हे मान्य.

पण तत्त्व बरोबर आहे. औषधाची माहिती ज्याला लिहायचा अधिकार आहे त्याच्यापर्यंत पोचू द्यायची, जनतेकडे आमिष म्हणून नाही. सिगारेटची 'माहिती' पोचवावी असा कोणी अधिकारी माणूसच नाही, म्हणून तिथे तसं दार ठेवलेलं नाही.

निकोटिन दोन्हीकडे आहे, हे आणखी एक. पाकिटात आलं तर कोटपा, व्यसन सोडायच्या च्युइंगममध्ये आलं तर औषध कायदा. ई-सिगारेटमध्ये आलं तर २०१९ चा कायदा, जिथे विक्री आणि जाहिरात दोन्ही पूर्ण बंद आहे आणि दुकानाच्या दाराचा अपवादसुद्धा नाही. 'व्हेप' शब्द असलेलं काम आलं तर हातच लावू नका.

शेरीनाला

कासपठारांचं दारूबद्दलचं म्हणणं मात्र मला पटतं. सिगारेटच्या पाकिटावर चित्र-इशारा दोन्ही बाजूंना ८५ टक्के, एप्रिल २०१६ पासून. दारूच्या बाटलीवर इशारा किती? अक्षराची उंची ३ मिलिमीटर. २०० मिलीपर्यंतच्या बाटलीवर दीड मिलिमीटर! क्वार्टरवर तो शोधायला भिंग लागेल. आणि गंमत बघा, राज्यघटनेच्या कलम ४७ मध्ये मादक पेयांचं नाव घेऊन दारूबंदीचं धोरण लिहिलंय. तंबाखूचं नाव तिथे नाही. ज्याचं नाव घटनेत, त्याला ३ मिलिमीटर.

माहुली_संगम

त्याचं उत्तर नीतीत शोधू नका, राज्यघटनेतल्या विषयांच्या सूचीत शोधा. मादक पेयं राज्यसूचीत, नोंद ८. त्यांच्यावरचं उत्पादन शुल्कही राज्याचं, नोंद ५१, आणि पिण्याची दारू जीएसटीच्याही बाहेर. कोटपाच्या कलम २ मध्ये मात्र संसदेने जाहीर केलंय की तंबाखू उद्योग संघराज्याच्या नियंत्रणाखाली असणं इष्ट आहे, म्हणून एक कायदा सगळ्या देशाला लागला. वर जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू करार आहे, भारताने २००४ मध्ये मान्य केलेला. त्याचं कलम १३ जाहिरातबंदीचं आहे. दारूसाठी असा करार नाही. एका बाजूला आंतरराष्ट्रीय करार आणि केंद्राचा कायदा, दुसऱ्या बाजूला राज्याची तिजोरी. ३ मिलिमीटर तिथून येतात.

दारूचा नियम कच्चा आहे असं मात्र समजू नका. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम २४ मधली नुसती 'प्रशंसा' करण्यावरची बंदी रद्द केली, कारण ती भाषणस्वातंत्र्यावर येत होती. आमंत्रण आणि विक्रीची ऑफर यांच्यावरची बंदी तशीच राहिली. म्हणून 'आमच्याकडे अमुक व्हिस्की मिळेल, दोनवर एक मोफत' हे सरळ कलम २४. दरपत्रकाला सूट आहे, पण ते आयुक्तांनी मंजूर केलेलं हवं.

वखारभाग

दारूच्या दुकानाच्या पाटीबद्दल आमच्या कामाचं सांगतो. परवान्याचा प्रकार आणि क्रमांक आधी बघून घ्या: वाइन शॉपला एफएल-२, परमिट रूमला एफएल-३, बिअर शॉपीला एफएल/बीआर-२, देशीला सीएल-३. पाटीवर दुकानाचं नाव, प्रकार, परवाना क्रमांक. बाटली, ग्लास, फेस, बर्फाचे तुकडे, काही नाही. बिअर शॉपीवाले हटकून फेसाळता मग मागतात. 'नुसतं चित्र हाय की, नाव कुठंय?' चित्र हेच आमंत्रण असतं, राव.

नाव ठरवतानाही सांभाळा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुकाने व आस्थापना कायद्यात दारू विकणाऱ्या किंवा देणाऱ्या आस्थापनेला महापुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावं देता येत नाहीत. साताऱ्यात हा नियम जास्त बोचतो, कारण इथे अजिंक्यतारा, सज्जनगड, प्रतापगड ही नावं जिभेवरच असतात. त्याच दुरुस्तीने पाटी देवनागरी मराठीत असणं आणि ते अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नसणं हेही आलं. इंग्रजी मोठं करून खाली बारीक मराठी टाकलेली डिझाइनं परत पाठवा.

महामार्गाचं विसरू नका. डिसेंबर २०१६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने दुकानांचं अंतर तर ठरवलंच, शिवाय राष्ट्रीय आणि राज्य महामार्गावर दारू मिळण्याबद्दलचे सगळे फलक आणि जाहिराती काढायला सांगितल्या. अंतराच्या अटीत पुढे पालिका हद्दीला सवलत मिळाली. म्हणून शेंद्रे, लिंब फाटा किंवा पेठ नाक्याच्या बाजूला 'वाइन शॉप ५०० मीटर, डावीकडे' असा बाण छापून दिला तर ते काम सरळ त्या आदेशाच्या विरोधात जातं. हॉटेलवाले हा बाण मागतात, 'फॅमिली रेस्टॉरंट' एवढंच लिहून द्या.

यवतेश्वर

मग दारू-तंबाखूच्या ब्रँडच्या नावाने येणाऱ्या त्या सोड्याच्या, पाण्याच्या आणि वेलचीच्या जाहिराती? टीव्हीवर राजरोस चालतात. फ्लेक्सवर आल्या तर?

माहुली_संगम

हा खरा गुंता आहे, म्हणून जरा थांबून.

केबल नियम १९९४, नियम ७(२)(आठ): सिगारेट, तंबाखू, वाइन, मद्य यांची प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष जाहिरात नाही. २००९ मध्ये त्याला एक परंतुक जोडलं. त्याच नावाचा दुसरा माल असेल तर जाहिरात करता येईल, पण पडद्यावर फक्त तोच माल दिसला पाहिजे. बंदी असलेल्या मालाकडे बोट नाही, सूचक शब्द नाहीत, त्याचे रंग-मांडणी नाही, पार्टी-छापाचा प्रसंग नाही. शिवाय तो माल दुकानांत खरोखर वाजवी प्रमाणात मिळतो आणि जाहिरातीचा खर्च त्याच्या विक्रीच्या मानाने अवाच्या सवा नाही, असा सीएचा दाखला लागतो. जाहिरात मानक परिषदेने पुढे आकडेही घातले: जुन्या उत्पादनाची वर्षाला देशभरात ५ कोटींची किंवा माल जातो त्या प्रत्येक राज्यात १ कोटीची विक्री.

फ्लेक्स केबल नियमात येत नाही. त्याला २०२२ ची ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं लागतात, ती सगळ्या माध्यमांना आहेत. त्यातलं सहावं तत्त्व छुप्या जाहिरातीला मनाई करतं, पण सोबत एक खिडकी ठेवतं: नुसतं नाव सामाईक आहे म्हणून जाहिरात छुपी ठरत नाही, बाकी काही आक्षेपार्ह नसेल तर. दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत.

तंबाखूला मात्र ही खिडकी लावताना जपून. कोटपाच्या २००५ च्या नियमांत तंबाखूच्या ब्रँडचं नाव दुसऱ्या मालासाठी वापरणं हीच अप्रत्यक्ष जाहिरात आहे. केबल नियमाचं परंतुक एक सांगतं आणि कोटपाचे नियम दुसरं. म्हणून दारूच्या नावाचं पाणी आणि तंबाखूच्या नावाची वेलची एकाच मापाने मोजू नका. वेलचीच्या बाबतीत धोका जास्त.

कासपठार

+१. आणि इथे माझा मूळ मुद्दा पुन्हा येतो. १९९६ चा क्रिकेट विश्वचषक सिगारेटच्या नावाने खेळला गेला होता. ते दार कोटपाच्या कलम ५(३) ने बंद झालं: तंबाखूच्या नावाच्या बदल्यात प्रायोजकत्व, बक्षीस, शिष्यवृत्ती काही नाही. तरी मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाला आयपीएलला पत्र लिहून सांगावं लागलं की तंबाखू-दारूच्या जाहिराती, छुप्याही, नकोत. कायदा तीन असोत की तेरा, नाव सामाईक ठेवायची सोय आहे तोवर हे असंच चालणार. त्या परंतुकाची गरजच काय होती?

वखारभाग

गरज अशी, की नाव हा ट्रेडमार्क आहे आणि पाणी विकणं गुन्हा नाही. कोर्टात कोणीही हेच म्हणेल. माझ्या मते विक्रीचा आकडा तपासणं हाच व्यवहारी मार्ग. सांगलीत मारुती चौकातल्या दहा किराणा दुकानांत ते पाणी मागून बघा. एकाही दुकानात मिळालं नाही, तर होर्डिंग पाण्याचं नव्हे. होर्डिंगची परवानगी घेताना महापालिकेचा आकाशचिन्ह विभाग मजकूर बघतो तो वेगळा, पण तिथे परवानगी मिळाली म्हणजे या कायद्यांतून सुटका झाली असं होत नाही.

स्थानिक गणपती मंडळांच्या कमानींना हेच लागू. पैसे सोड्याचे आणि नाव व्हिस्कीचं असेल तर मंडळाच्या अध्यक्षाला 'लावू देणारा' म्हणून आधी समजावून सांगा.

यवतेश्वर

शाळेजवळच्या पानपट्टीचं काय? बोर्ड नियमात असला तर चालेल ना?

माहुली_संगम

दुकानच चालणार नाही, बोर्ड पुढची गोष्ट. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्ड, म्हणजे ९१.४४ मीटर. मोजायचे ते संस्थेच्या *कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, त्रिज्येने*. गेटपासून नाही, रस्त्याच्या वळणाने नाही. साताऱ्यातल्या राजपथासारख्या दाट भागात गेटपासून दीडशे मीटर चालावं लागतं आणि मागच्या भिंतीपासून सरळ साठ मीटर भरतात, असं सर्रास होतं. मोबाइलच्या नकाशात कुंपणाच्या जवळच्या कोपऱ्यापासून दुकानाच्या दारापर्यंत सरळ रेघ मारा. ९२ मीटरच्या आत आलं की तंबाखूचा बोर्ड छापूच नका.

गुटखा आणि सुगंधी तंबाखू, सुपारी यांचा बोर्ड कुठेच नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून अन्नसुरक्षा कायद्याखाली बंदी आहे, ती मुदत संपली की पुन्हा काढली जाते. 'सुटी सिगारेट मिळेल' हेही लिहू नका, सुट्या विक्रीवर राज्यात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे.

कारवाई कोण करतं हेही सांगतो. कोटपात फौजदार आणि त्यावरचे पोलिस, शिवाय अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी. तक्रार आणि माहितीसाठी जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्ष. दारूसाठी राज्य उत्पादन शुल्क. औषधासाठी पुन्हा अन्न व औषध प्रशासन.

फ्लेक्सवाला_सातारा

सगळ्यांचे आभार, निम्म्या फाइली आजच पुसल्या. एक शेवटचं काम टेबलावर आहे. 'दारू, गुटखा, सिगारेट कायमची सुटेल, पेशंटला न कळता जेवणातून द्या, हमी', खाली मोबाइल नंबर आणि डबीचा फोटो. व्यसन सोडवायचंय म्हटल्यावर हे तरी चालेल?

औषधवाला_मिरज

नाही. औषधाबद्दल खोटा किंवा दिशाभूल करणारा दावा म्हणून १९५४ च्या कायद्याचं कलम ४ लागतं, आणि 'हमी' हा शब्द त्यात सगळ्यात आधी बोटावर येतो. न सांगता औषध देणं धोक्याचंही आहे. दारू सोडवण्यासाठीचं डायसल्फिराम नावाचं चिठ्ठीवरचं औषध माणसाला न कळता पोटात गेलं आणि त्यावर तो दारू प्यायला, तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो, जिवावर बेतू शकतं. त्या डबीत काय आहे हे लेबलवर नीट लिहिलेलं नसेल तर आणखीच वाईट.

हे छापा: केंद्राचं नाव, नोंदणीकृत डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक, 'व्यसनमुक्ती सल्ला व उपचार', पत्ता, वेळ. डबी, हमी, दिवसांचा आकडा काढा. खाली जागा उरली तर तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक १८००-११-२३५६ टाका, सिगारेटच्या पाकिटावर असतो तोच. डॉक्टरचं नाव विचारल्यावर गिऱ्हाईक गप्प झालं तर ॲडव्हान्स परत करा.